जावयासमोर न सांगायचं दुखणं

"ऐंशीच्या घरातल्या बाई आहेत. लहान आतडं अडकलंय. पूर्वी पोटाचं एक ऑपरेशन झालेलं आहे, तेव्हा आतडी आत कुठेतरी चिकटली असणार. नाकातून नळी घातली, सलाइन लावलं. पोट मऊ आहे. एक-दोन दिवस वाट बघूया."

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी ड्राइव्हवेमध्ये गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दंव खरवडत होते. शनिवारची सकाळ. सर्जरीचा कॉल, म्हणजे तातडीच्या पेशंटची पाळी, माझ्याकडे होती.

तिचं काही चुकलं नव्हतं. जुन्या ऑपरेशननंतर आतडी चिकटून अडकतात आणि त्यातली बरीच नळी घालून, उपाशी ठेवून, आपली आपण सुटतात. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "त्यांना इंग्रजी येत नाही. जावई सोबत आहे, तोच सगळं सांगतोय. मला वाटतं, तुमच्याच भाषेतले आहेत."

"भारतात भाषा पुष्कळ आहेत," मी म्हटलं. "येतेच मी."

मिशिगनमधल्या आमच्या नोव्हायच्या आसपास आता आपली माणसं इतकी झाली आहेत की इमर्जन्सीत मराठी ऐकू आलं तर मला नवल वाटत नाही. मुलगा किंवा जावई गाडीच्या कंपनीत इंजिनिअर, मुलगी कुठेतरी आयटीत, आणि आई-वडील सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले. ही आई-वडील मंडळी पेशंट म्हणून अवघड. इकडे येऊन आपण मुलांना भार झालो असं वाटू नये म्हणून ती दुखणं गिळतात. आणि फारच दुखलं तर त्यातल्या त्यात सभ्य दुखणं सांगतात.

मी खोलीत गेले तर पलंगाचा अलार्म वाजत होता. काकू पलंगावर उकिडव्या बसल्या होत्या. अंगावर हॉस्पिटलचा गाऊन, वरून स्वतःची शाल, खाली बहुधा मुलीची ट्रॅकपँट, नाकात नळी, आणि दोन्ही गुडघे छातीशी. उजव्या गुडघ्यावर काळी नी-कॅप. नर्स त्यांना "स्वीटहार्ट, पाय खाली, पाय खाली" करत होती. जावई दुसऱ्या बाजूने हात जोडल्यासारखे धरून म्हणत होता, "आई, प्लीज सरळ झोपा ना. नळी निघेल."

"बसते मी अशीच. बरं वाटतं."

"सॉरी, डॉक्टर," जावई माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "त्यांना खाली बसायची सवय आहे, गावाकडची. बेडवर त्यांना जमतच नाही."

"मला मराठी येतं," मी म्हटलं.

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. काकूंनी मात्र शाल आणखी आवळून घेतली.

इथे मला माझ्या घरचं थोडं सांगायला हवं. वडील इचलकरंजीत दुसऱ्याच्या मागावर कामाला होते आणि आई घरी रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मी. हे मी कोणी न विचारताही सांगते आणि सांगताना मला संकोच वाटत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजात सर्जन झाले, इकडे येऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. पण बाई कशी बसते हे मी कॉलेजात शिकले नाही. आई आयुष्यभर उकिडवी बसली. सवयीने बसलेली बाई अधूनमधून पाय बदलते, एक गुडघा खाली टाकते, जरा रेलते. या काकू हलत नव्हत्या. उजवा पाय त्यांनी हाताने कवटाळून धरला होता. ही सवय नव्हती. पाय सरळ करायची भीती होती.

"काकू, काय दुखतंय?"

"पोट फुगलंय. उलट्या होतात. आणि हा गुडघा."

"गुडघा केव्हापासून?"

त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने उत्तर दिलं. माणूस काळजी घेणारा होता, हे आधीच सांगते. बायको ऑफिसच्या कामाने तिकडे अ‍ॅरिझोनात चँडलरला गेलेली, सासूबाई घरी, आणि त्या लंगडायला लागल्या तेव्हा याने लगेच मीटिंग कॅन्सल करून त्यांना अर्जंट केअरच्या दवाखान्यात नेलं. गुडघ्याचा एक्स-रे काढला. ऐंशीच्या वयाच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला की त्यात झीज सापडतेच, तशी सापडली. गोळ्या आणल्या, मलम आणलं, नी-कॅप आणली, कमोडवर बसवायची उंच सीटसुद्धा मागवली. मग उलट्या सुरू झाल्या, त्या गुडघ्याच्या गोळ्यांनी पित्त झालं म्हणून. मग गोळ्या बंद केल्या.

"एकदम सिस्टिमॅटिक केलं मी सगळं," तो म्हणाला. त्यात बढाई नव्हती. तो बिचारा कुठे चुकलं ते शोधत होता.

"आणि ऑपरेशन कसलं झालंय त्यांचं?"

तो गडबडला. "ते... जुनं आहे. आमच्या लग्नाच्या बरंच आधीचं. पोटाचं. डिटेल्स मला माहीत नाहीत."

"विचारलं नाहीत?"

"सासूबाईंना?" तो म्हणाला, आणि खाली पाहू लागला.

"तुम्ही एक काम करा," मी म्हटलं. "खाली जाऊन कॉफी पिऊन या."

"मी थांबतो ना, काही लागलं तर."

"काही लागणार नाही. जा."

तो गेला. मी पडदा ओढला, दार लावलं आणि पलंगाच्या कडेला बसले. "काकू, आता आपण दोघीच. गुडघा कुठे दुखतो, हात लावून दाखवा."

त्यांनी नी-कॅपवर हात ठेवला. मग तो हात मांडीच्या आतल्या बाजूने वर वर सरकत गेला आणि जांघेशी थांबला.

"इथून निघते कळ. विजेसारखी. खाली गुडघ्यापर्यंत जाते."

"मग गुडघा का सांगितलात?"

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि नाकात नळी असताना माणूस जेवढा वैतागू शकतो तेवढ्या वैतागल्या, "जावयासमोर काय सांगू, जांघेत दुखतंय म्हणून? तो मला गाडीत बसवतो, औषध आणतो, चहा करून देतो. त्याला मी जांघ सांगू?"

"लेकीला सांगायचं."

"ती हजार मैलांवर. तिला सांगितलं असतं तर तिने नवऱ्यालाच फोन केला असता."

हे खरंच होतं.

मी पोट बघितलं. ऑपरेशनची खूण बेंबीखाली नखाएवढी, पुसट. कुटुंबनियोजनाची. "कँपात झालं होतं," काकू म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी मी घरी भाकऱ्या थापत होते." एवढ्याशा टाक्याने इतक्या वर्षांनी आतडं अडकूही शकतं, नाही असं नाही. पण माझं मन तिथे थांबेना. आमचे एक सर होते, राउंडला सगळ्यांची खरडपट्टी काढायचे. ते म्हणायचे, बाई म्हातारी असेल, काडीसारखी असेल आणि पोट तुंबलेलं असेल, तर पोटावर थांबू नका, खाली उतरा. काकू काडीसारख्याच होत्या. मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं.

"आता मी पाय सरळ करणार आहे. दुखेल. एकदाच."

मी उजवा पाय हळूहळू सरळ केला, जरा बाजूला नेला आणि पाऊल आतल्या बाजूला वळवलं.

"आई गं!" त्यांनी माझा हात असा धरला की त्याच्या खुणा मागाहून दिसत होत्या. मी पाय परत दुमडला. काकूंचा श्वास खाली बसला. "बघ, आता गेली कळ."

कंबरेच्या हाडात समोर खाली, डाव्या-उजव्या बाजूला एकेक मोठं भोक असतं, पडद्याने झाकलेलं. त्या पडद्याच्या वरच्या कडेला एक चिंचोळी बोळकांडी असते आणि तिच्यातून एक नस मांडीच्या आतल्या बाजूला उतरते, थेट गुडघ्यापर्यंत. एरवी ती वाट चरबीने बुजलेली असते. बाई म्हातारी झाली, वाळली, की चरबी झडते आणि वाट मोकळी होते. मग आतड्याचं एखादं वेटोळं त्यात डोकावतं आणि अडकतं. नस चेंगरते म्हणून मांडी ठणकते. पाय दुमडला की नसेला जरा ढील मिळते. हा हर्निया इतका आत असतो की बाहेरून गाठ दिसत नाही, हाताला लागत नाही. ऑब्ट्युरेटर हर्निया त्याचं नाव. माझ्या हाताखालून गेलेले असे पेशंट एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, पण जो पाहिला तो विसरले नाही.

म्हणजे काकूंनी अगदीच खोटं सांगितलं नव्हतं. कळ गुडघ्यापर्यंत जात होतीच. फक्त सुरुवातीचा भाग त्यांनी शालीखाली ठेवला होता.

मी बाहेर येऊन रेसिडेंटला शेजारी बसवलं आणि सीटी स्कॅन उघडला. तिने फुगलेलं आतडं दाखवलं, ते जिथे एकदम बारीक होतं ती उजवीकडची जागा दाखवली. "रिपोर्टमध्ये चिकटलेलं असावं असं लिहिलंय."

"अजून खाली चल."

"खाली तर मांडी सुरू होते."

"तिथेच चल."

ती एकेक चित्र खाली सरकवत गेली. हाडाच्या खाली, उजवीकडच्या दोन स्नायूंच्या मध्ये, जिथे काही असू नये तिथे सुपारीएवढं काहीतरी गोल दिसलं. डाव्या बाजूला तसं काही नव्हतं. तिने हात माऊसवरून काढून घेतला. मी रेडिऑलॉजिस्टला फोन लावला आणि कुठे बघायचं ते सांगितलं. त्याने स्कॅन पुन्हा उघडला आणि म्हणाला, "हो. आहे. रिपोर्ट बदलतो. कसं सापडलं?"

"विचारलं म्हणून," मी म्हटलं.

आता प्रश्न वेळेचा होता. चिकटलेलं आतडं वाट बघण्याने सुटतं. अशा बोळकांडीत चिमटलेलं आतडं वाट बघण्याने मरतं. त्याचा रक्तपुरवठा किती दिवस कमी झाला होता कोणास ठाऊक. अजून पोट मऊ होतं, ताप नव्हता. आत आतडं फुटलं असतं तर या वयाला, या शरीराला ते झेपलं नसतं. ऑपरेशन आजच, आणि आत्ताच.

जावई वर आला. त्याच्या फोनवर, स्पीकरवर, बायको.

"डॉक्टर, मी संध्याकाळची फ्लाइट घेतेय," ती म्हणाली. "आपण तोवर थांबू शकतो का? मी आले की डिसाइड करू. आईचं वय बघता ऑपरेशन म्हणजे... सेकंड ओपिनियन घेतलं तर?"

"घ्या," मी म्हटलं. "पण ते येईपर्यंत मी थांबायला सांगणार नाही. आत्ता केलं तर बहुधा एक टाका मारून बाहेर येईन. उद्या केलं तर काय कापावं लागेल ते सांगता येत नाही."

"पण बहुधा म्हणजे किती टक्के?"

"ताई, भाजीच्या भावासारखे टक्के मी सांगत नाही. धोका आहे. वय आहे, हृदय आहे, फुप्फुसं आहेत. थांबण्यात जास्त धोका आहे."

जावई म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, पण मी एकट्याने कसं हो म्हणू? उद्या काही झालं तर हिला काय सांगू?"

पलीकडून ती म्हणाली, "असं काय बोलतोस?"

"मग तू सांग ना!"

दोघंही बरोबर होती आणि दोघंही चुकीच्या माणसाला विचारत होती. मी म्हटलं, "पेशंट आत बसलीय. तिला विचारलंय का कुणी?"

आम्ही आत गेलो. मी काकूंना सरळ सांगितलं, आतडं हाडातल्या एका फटीत अडकलंय, पोट उघडून ते सोडवायचं, फट शिवायची. मेलेला भाग असेल तर कापून टाकायचा, उरलेली टोकं जोडायची. भूल पूर्ण द्यावी लागेल.

"वाचेन का?"

"मला वाटतं, वाचाल. आज केलं तर मला खात्री वाटते. थांबलो तर मी शब्द देणार नाही."

काकूंनी फोनकडे पाहिलं, मग जावयाकडे. "मग ही पोरं थांबतायत कशाला? माझं पोट आहे ना? आण कागद."

फोनमधून रडण्याचा आवाज आला. काकू म्हणाल्या, "रडू नकोस. विमानात नीट खाऊन घे."

ऑपरेशन थिएटरमध्ये मी फार बोलत नाही. बेंबीखाली उभा छेद घेतला, फुगलेली वेटोळी बाजूला केली आणि उजवीकडे खाली बोट घालत गेले. आतडं फटीत घट्ट बसलं होतं. ओढायचं नसतं. ओढलं तर तिथेच फाटतं आणि आतली घाण पोटभर होते. फटीची कडा बोटाने जरा जरा सैल करायची, आतून नुसता आधार द्यायचा आणि दुसऱ्याने बाहेरून मांडीवर दाबायचं. रेसिडेंटला मी तिचा हात तिथे ठेवायला लावला, जिथे काकूंनी नाइलाजाने हात ठेवून दाखवला होता. ती दाबत राहिली. शेवटी ते सुटलं.

वेटोळं जांभळं होतं. कोमट पाण्याचे टॉवेल त्यावर ठेवले आणि आम्ही सगळे नुसते उभे राहिलो. ही वाट मात्र बघायची असते. अ‍ॅनेस्थेशियाच्या डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. टॉवेल उचलला तेव्हा रंग फिरला होता, कडेने गुलाबी, नंतर मध्येही. फक्त जिथे फटीची कडा रुतली होती तिथे एक डाग काळा राहिला, आणि तो काळाच राहणार होता. तेवढा तुकडा कापला, दोन टोकं जोडली. फट टाक्यांनी बंद केली. घाण बाहेर आली नव्हती, तरी आतडं कापलं होतं, म्हणून जंतुसंसर्गाच्या भीतीने फटीवर कृत्रिम जाळी बसवली नाही. डाव्या बाजूलाही बोट घालून पाहिलं. तिथे एक खळगा होता, पुढेमागे तिथेही असंच झालं असतं. तोही शिवून टाकला.

"अजून एक दिवस थांबलो असतो तर?" हात धुताना रेसिडेंटने विचारलं.

"तो डाग फुटला असता."

त्यानंतर म्हाताऱ्या बाईला तपासताना तिने पाय सरळ करून बघितला नाही, असं मी कधी पाहिलं नाही.

पुढचे दिवस सर्जनचे नसतात, आतड्याचे असतात. जोडलेलं आतडं चालू झालं की नाही हे एकाच गोष्टीवरून कळतं. ती गोष्ट आम्ही रोज सकाळी पेशंटला विचारतो, आणि सकाळी सकाळी एवढ्या गंभीर चेहऱ्याने ही चौकशी करणारा धंदा दुसरा नसेल. मुलगी येऊन पोचली होती. मुलगी आणि जावई आलटून पालटून बसत. आणि मी नेमकी जायचे तेव्हा जावयाची पाळी असायची.

"काकू, काही झालं का?"

"काही नाही," काकू छताकडे बघत म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. पोट उतरलं होतं, नळीतून येणारं पाणी कमी झालं होतं, आणि तरी "काही नाही". माझ्याही मनात शंका यायला लागली. जोड गळत तर नसेल? रेसिडेंट म्हणाली, पुन्हा सीटी काढूया का? मी काढायचाच म्हणून खोलीकडे निघाले. वाटेत मला आठवलं की मी अजूनही त्याच माणसासमोर तोच प्रश्न विचारतेय, आणि मी स्वतःवर चिडले.

जावई खुर्चीत लॅपटॉप घेऊन बसला होता. मी त्याला म्हणणार, जरा बाहेर थांबा. तेवढ्यात काकूंनी हात वर केला.

"जावईबापू, थांबा. तुम्ही कुठे जाऊ नका." पलंगावर त्या पाय सरळ करून, टेकून बसल्या होत्या. "मागच्या वेळी तुम्हाला बाहेर पाठवलं तेव्हा माझं पोट फाडलं या बाईने. आता इथेच ऐका. काल संध्याकाळपासून वारा सरतोय. तीनदा सरला. आता पुन्हा विचारायला कुणी येऊ नये."

जावई लाल झाला, मग हसायला लागला. हसू आवरत नव्हतं. "आई, काल संध्याकाळपासून? आम्ही इकडे टेन्शनमध्ये!"

"तुम्ही समोर बसून राहता, मी सांगू कधी?"

दारात रेसिडेंट उभी होती, सीटीची ऑर्डर टाकू की नको या पवित्र्यात. "व्हॉट डिड शी से?" तिने विचारलं.

मी तोंड उघडणार तर जावयाने लॅपटॉप बंद केला, उभा राहिला आणि मीटिंगमध्ये बोलतो तशा स्वच्छ इंग्रजीत, वेळेसकट आणि आकड्यासकट, तिला सगळं सांगितलं.

"नळी काढून टाक," मी रेसिडेंटला म्हटलं.

"आणि ते गुडघ्याचं काळं पण न्या," काकू म्हणाल्या. "गुडघ्याला काही झालेलं नाही माझ्या."